ठमीचा दगड

भाजे, पोस्ट मळवली
२ नोव्हेंबर १९४०

चिंतामणराव दातार यांस,

नमस्कार लिहावा की रामराम, ह्यात अर्धा तास गेला. शेवटी दोन्ही गाळले आहेत.

तुमचं कार्ड पोचलं, चौदा वर्षांनी. पत्ता 'लिथो छापखाना, लोणावळे' असा घातला होतात. छापखाना बंद होऊन अडीच वर्षं झाली. तिथं आता लाकडाची वखार आहे. पोस्टमननं कार्ड भिमाजीला दिलं. भिमाजी मशीन चालवायचा, तुम्ही त्याला 'भीमसेन' म्हणायचात. हल्ली मळवलीत बंगल्यांची राखण करतो. तो चालत आला आणि खळ्यावर चार माणसांदेखत ओरडला, "म्हैपती, तुझ्या पंडिताचं कारड आलंय. उघडंच व्हतं, म्हून वाचलं. मांजर मागतोय!"

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. मी बरा आहे का? आहे. ठमीचा दगड माझ्याकडेच आहे का? आहे. मालकांनी छापखाना मोडला तेव्हा प्रत्येकाला विचारलं, काय नेतोस? कुणी घड्याळ नेलं, कुणी कपाट. मी तो एक छपाईचा दगड मागितला, ज्यावर ठमी मांजर काढली होती. बारा इंच बाय सोळा, जाडी अडीच, जर्मनीचा, पिवळसर. रेल्वेनं पाठवता येईल का? येईल. पाठवीन असं मी म्हटलेलं नाही.

आता कार्डातल्या चुका. तुम्ही लिहिता, 'उजवा पाय उचललेली ठमी'. छापात उजवा. दगडावर डावा. दगडावर उलटं काढावं तेव्हा कागदावर सुलटं येतं, हे छापखाना झाडणाऱ्या बयाबाईलाही ठाऊक होतं. मी तर अक्षरंसुद्धा आधी उलटी शिकलो, दगड घासता घासता, सुलटी मागाहून. दुसरं, तुम्ही लिहिता 'मिशा बारा'. मिशा अकरा. एका बाजूला सात, दुसरीकडे चार. ठमी चुलीला चिकटून झोपायची, तिथं तीन जळाल्या होत्या. मुंबईत तुम्ही ज्यांना ज्यांना ठमी छापायचा परवाना दिलात, त्या सगळ्यांनी सहा-सहा करून टाकल्या. काडेपेटीवर सहा-सहा, साबणावर सहा-सहा, केसाच्या तेलावर सहा-सहा. आमच्या वाण्याकडे शाळेच्या वह्या आल्यात, त्यांवरच्या ठमीला मिशाच नाहीत. खाली तुमची सही मात्र शाबूत आहे.

सहीचं निघालंच आहे तर लिहितो. सव्वीस साली मालकांना काडेपेटीसाठी चित्र हवं होतं. तुम्ही मुंबईच्या चित्रशाळेत शिकून आलेले मुख्य चित्रकार, मी दगड घासणारा, चोरून खडू चालवणारा. छापखान्यातली ती मांजर मी काढली, सरळ दगडावर, आधी कागदावर एक रेघ न मारता. तुम्ही पाहिलीत, आणि म्हणालात, "महिपती, तुझं नाव घातलं तर मालक दगड पुसायला लावतील. पहिल्या छापापुरतं माझं राहू दे." मी "बरं" म्हटलं. हे मी लपवत नाही. पण पहिल्या छापापुरतं. त्या छापाची शाई वाळायच्या आत तुम्ही मुंबईला गेलात, ठमी आपल्या नावावर करून.

मला राग नाही. ह्या वयात राग पचत नाही. दगड कशाला हवा, ते सविस्तर लिहा. कार्डावर नको, पाकिटातून.

महिपती गेणू


भाजे
१९ नोव्हेंबर १९४०

चिंतामणराव,

आठ पानं मिळाली. त्यांतली साडेसहा बिस्किट कंपनीच्या गुणगानाची आहेत. उरलेल्या दीड पानावरून मला समजलं ते असं. चुकलं असेल तर कळवा.

बिस्किटांच्या डब्यावर कंपनीला ठमी वीतभर हवी आहे. मी तिला वीतभरच काढली होती. काडेपेटीसाठी ती कॅमेऱ्यानं लहान केली. मुंबईत तुमच्याजवळ जे आहेत ते छापावरून उठवलेले छाप, आणि त्यांवरून उठवलेले छाप. मूळ ठमी भाज्यात आणि तिथं तिच्या खापरपणत्या. त्या मोठ्या केल्या की मिशांचा खराटा होतो. लढाईमुळे जर्मनीचे दगड येत नाहीत, आणि आले तरी त्यांवर काढणार कोण? कंपनीनं तीन माणसं बसवून पाहिली. तिघांची मांजरं मांजरासारखी आली, ठमीसारखी कुणाची नाही. आता संक्रांतीपर्यंत मूळ दगड पोचला नाही तर डब्यावर पोपट बसेल आणि बाकीचे साबण-तेलवालेही तुमचे परवाने परत करतील.

कंपनीचे साहेब म्हणाले, "मिस्टर दातार, तुम्हीच पुन्हा काढून द्या ना." तेव्हा तुम्ही हाताला कंप सुटतो असं सांगितलंत. मी हे भिमाजीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कंप आत्ता सुटला व्हय? सव्वीस सालीच सुटलावता, तवा कुणी बघितलं न्हाई." मी त्याला गप्प केलं. तुमच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं मला चालत नाही. ते मी बोलेन.

दगड देतो. माझी एकच अट आहे, आणि तीही माझी नाही, आपल्या छापखान्याची आहे. ज्यानं एक दगड स्वतः घासून कोरा केला नाही, त्याच्या हाती खडू द्यायचा नाही, हा रिवाज तुम्हाला आठवतो का? मालकांच्या सख्ख्या पुतण्यानं घासला होता, आठ दिवस त्याला भाकरी मोडता येत नव्हती. तुम्हाला तेवढी सूट मिळाली, कारण तुमच्याजवळ सर्टिफिकेट होतं. तर भाज्याला या, माझ्या अंगणात बसून एक दगड घासा, आणि ठमीला घेऊन जा.

रीत लिहितो, म्हणजे आल्यावर सबब नको. आधी दोन तांबे पाणी, दगड सगळीकडे ओला झाला पाहिजे. मग इंद्रायणीची वाळू; ती मी चाळून तीन डब्यांत भरून ठेवली आहे, जाडी आधी, बारीक शेवटी. हातदगड इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा. कोपऱ्यांना आधी, कारण नवखा माणूस मध्ये खड्डा करतो. शेवटी लोखंडी पट्टी आडवी ठेवून तिच्याखाली पतंगाच्या कागदाची चिंधी सारून बघायची. कुठेही सरकली, तर पुन्हा जाड्या वाळूपासून.

धोतर जुनं आणा. मळवलीला सकाळच्या गाडीनं उतरा, भिमाजी स्टेशनावर असेल. आमच्या घरातून झुंबरबाई विचारते आहे, "बामनाला आपल्या घरचं चालंल का आता? का मुंबैला जाऊन सोवळा झाला?" मी म्हटलं, तुझ्या हातचं पिठलं त्यानं तेव्हा बोटं चाटून खाल्लं आहे, त्याला तोंड नाही.

महिपती गेणू


भाजे
१४ डिसेंबर १९४०

चिंतामणराव,

फोडांच्या हातांनी तुम्हाला नेता येईना, म्हणून पेटी काल मळवलीहून पार्सलनं टाकली. तुम्हाला मिळेल तेव्हा आधी हे पत्र वाचा, मग खिळे काढा.

तुमचं काम मी मोजून पाहिलं. पट्टीखाली कुठेही चिंधी सरकली नाही. एका दिवसाचं काम तीन दिवस घेतलंत, पण केलंत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या तळव्याचे फोड फुटले, तेव्हा झुंबरबाईनं हळद आणली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पुरं करा की आता. म्हातारं मानूस हाय. काय जीव घेताय का त्याचा?" मी म्हटलं, रिवाज आहे. तुम्ही मान वर केली नाहीत. "असू दे, वहिनी," एवढंच म्हणालात. गावातल्या बाया विहिरीवर जाताना थांबून बघत होत्या. मारुतीच्या देवळातले म्हातारे कारण काढून माझ्या अंगणात येऊन तंबाखू मळत होते. मुंबईचा ठमीवाला चित्रकार भाज्यात दगड घासतोय! मला ते सगळं आवडलं. लपवून काय करू?

पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "ठमी बरी आहे ना?" मी म्हटलं, "आहे." तेव्हा ती होती. घरात गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या दगडाकडे तुम्ही बघितलंत, आणि तीच ठमी असं धरून चाललात. मी तसं सांगितलेलं नव्हतं. त्या गोणपाटात आमचा जुना पाटा आहे.

आता नीट वाचा. छापून झालं की कसबी कारागीर दगडावरची शाई टर्पेंटाइननं धुऊन काढतो आणि वर गोंदाचा हात देतो. चित्र जात नाही, दगडात मुरलेलं राहतं. पुन्हा शाई फिरवली की उठतं. पण गोंद वाळला की असा दगड आणि कोरा दगड ह्यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दगडांत जन्म जावा लागतो. तुमचा चित्रशाळेत गेला.

तुम्ही तीन दिवस जो घासलात, तो ठमीचा दगड होता.

आधी कान गेले असतील, कारण कोपरे आधी घ्या असं मीच लिहिलं होतं. मग उचललेला पाय, मग मिशा. आणि सगळ्यांत शेवटी, मधोमध, डोळे. तेव्हा, आणि पहिल्या दिवशी तुम्ही घासायला बसलात तेव्हाही, मी ओसरीवर तुमच्याकडे पाठ करून भाताची पोती शिवत होतो. बघायचं नव्हतं म्हणून नव्हे, काम पडलं होतं म्हणून.

पेटीत तोच दगड आहे. आरशासारखा सपाट, कोरा. कबूल केलं तसा ठमीचा दगड मी तुम्हाला दिला. खाली नाव कुणाचं घालायचं ते आता साहेबाला विचारा. जागा भरपूर आहे.

महिपती गेणू


भाजे
६ जानेवारी १९४१

चिंतामणराव,

तुमचं पत्र चार ओळींचं. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. ह्या ओळी तुमच्याच आहेत ना ते बघा:

'पहिला तांब्या ओतताच ठमी दिसली. जिथं चित्र तिथं पाणी धरत नव्हतं. रिवाज पुरा करायचा होता, म्हणून घासत राहिलो. कंपनीला सगळं खरं लिहून कळवलं आहे.'

तीस वर्षं दगडावर पाणी मारणारा मी! चित्राच्या रेघेला चरबी असते, ती पाणी झटकते, ओला दगड आपलं पोटातलं सांगतो. हे मी पहिल्या आठवड्यात शिकलो होतो, बादली धरायला लागलो तेव्हा. आणि 'आधी दोन तांबे पाणी' हे माझ्याच हातानं तुम्हाला लिहून पाठवलं. भिमाजीला सांगितलं तर तो इतका हसला की खोकल्यानं लाल झाला. "म्हैपती, तू पाठ करून कशापायी बसलावतास? समूर बसला असतास तर दिसलं असतं की, बामनाचा हात कसा थांबला त्ये."

थांबला होता का हात? किती वेळ? ते तुम्ही लिहिलेलं नाही. झुंबरबाईला विचारलं, ती पाणी भरायला गेलेली. म्हणजे ह्या सगळ्यात जे एक बघण्यासारखं होतं, ते बघायला कुणी नव्हतं.

तुम्ही माझ्याकडून हेही काढून घेतलंत. मी चौदा वर्षं मनात एक दिवस शिवत बसलो होतो: तुम्ही पेटी उघडाल, पत्र वाचाल, भिंतीला टेकाल. तुम्ही भाज्यातच टेकला होतात, पहिल्या तांब्याला, आणि तीन दिवस माझ्या घरचं पिठलं खात, माझ्या बायकोला 'वहिनी' म्हणत, मला कळू न देता घासत राहिलात. तुमच्या सभ्यपणाची मला शिसारी येते. ओरडायचं होतंत. दगड माझ्या पायावर टाकायचा होतात.

आणि कंपनीला खरं लिहून तुम्ही मोठे झालात असं समजू नका. चौदा वर्षं उशीर झाला आहे. कंपनीचे दिगंबरपंत म्हणून कुणी गृहस्थ परवा इथं येऊन गेले. गुडघ्यापर्यंत धूळ, हातात पाकीट. म्हणाले, "दातारांनी स्वतः होऊन लिहून दिलं, चित्र तुमचं आहे. तुम्ही पुन्हा काढा. नाव तुमचंच राहील. संक्रांतीची मुदत साहेबांनी महिनाभर पुढे ढकलली आहे." त्यांनी तो कोरा दगडही परत आणला आहे. दुसरा मिळत नाही म्हणाले.

मी हो म्हटलं. तुम्ही दिलं म्हणून नव्हे. माझं होतं म्हणून.

महिपती गेणू


भाजे
२३ फेब्रुवारी १९४१

चिंतामणराव,

मी पाच वेळा काढली. चार वेळा स्वतःच पुसली. पाचवी भिमाजीच्या ओळखीनं पुण्याच्या एका छापखान्यात उठवून घेतली आणि कंपनीला पाठवली. मिशा अकरा, सात आणि चार. छापात उजवा पाय उचललेला, पंजा कानाच्या खालच्या रेषेत. शेपटीला सहा पट्टे, चौथा तुटका. खाली माझं नाव. एक केस इकडचा तिकडे नाही, हे मी कुणाहीसमोर सिद्ध करून देईन.

कंपनीनं परत केली. दिगंबरपंतांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहे, 'मांजर हुबेहूब आहे. परंतु साहेबांच्या मुलीला दाखवली, ती म्हणाली ही ओरबाडेल.' डब्यावर पोपट बसतो आहे.

मी कागद झुंबरबाईसमोर धरला. तिला चित्रातलं कळत नाही, पण जनावरातलं कळतं. बराच वेळ बघून म्हणाली, "ही ठमी न्हाई. ठमी अशी बघत नव्हती. ही कुणावर तरी दबा धरून बसल्याली हाय."

मग मी सव्वीस सालची ती दुपार पुन्हा एकदा सगळी आठवली, अगदी जागच्या जागी. कोण कुठं उभं होतं, उजेड कुठून येत होता. आणि जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही, ते आता लिहावं लागतं आहे, कारण तपशील चुकीचा ठेवून मला झोप लागत नाही.

ठमी माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला रोज हुसकून द्यायचो, ती गोंदाच्या भांड्यात तोंड घालायची म्हणून. माझी सावली दिसली की ती मशीनखाली जायची. त्या दुपारी तुम्ही दाराशी होतात, दुधाच्या चरवीवर झाकण वाजवत. "ठमाबाई, या, नैवेद्य तयार आहे," असं काहीतरी बडबडत होतात. ती मान वळवून, पाय अधांतरी ठेवून, तुमच्याकडे बघत होती. मी बाजूला बसून ते नुसतं उतरवलं. लोकांना साबणावर, तेलावर, काडेपेटीवर जे आवडलं ते तेवढंच होतं: ते बघणं. रेघ माझी. बघणं तुमच्याकडे पाहून आलेलं. ते माझ्या खडूत नव्हतं, हे पाच वेळा काढून मला कळलं.

तुम्हाला हे ठाऊक होतं का? असेल, तर सही करताना तुमचा हात का कापला नाही, हे मला थोडं उमजतं. नसेल, तर आता ठाऊक झालं. दोन्हींतलं कोणतं, ते मला कळवू नका.

तुमचे परवाने गेले, असं दिगंबरपंत म्हणाले. तुम्ही आपल्या गावी, तळेगावला, परत आलात आणि घरी मुलांना चित्रकला शिकवता, असंही म्हणाले. मला वाईट वाटलं असं लिहीत नाही. मला जे हवं होतं ते झालं आहे. ठमी तुमच्याकडे नाही. ती माझ्याकडेही नाही, एवढा हिशेब मी धरला नव्हता.

हे पत्र कंपनीला दाखवायचं असेल तर दाखवा. ठमीत तुमचा भाग होता, हे मी कुणाहीसमोर कबूल करीन, मोजून, निम्मा. पण महिपतीनं माफी मागितली असं कुणाला सांगू नका. मी मागितलेली नाही. तुम्ही भाज्यात तीन दिवस बसून जी मागितलीत, तीही मी अजून दिलेली नाही.

महिपती गेणू